काडेपेटीतल्या अळ्या

४ फेब्रुवारी

आत्या,

फोनवर तुला काही सांगण्यात अर्थ नाही. मी घसा फोडून ओरडते आणि तू म्हणतेस, "हो हो, जेवले." म्हणून लिहितेय.

बाबांच्या प्लॅस्टिकच्या चार शेडपैकी दोन मी परत चालू केल्या. ढोबळी मिरची लावलीय. झाडं माझ्या खांद्याला लागलीत. दोरीवालीने एकेक झाड तारेला टांगून दिलंय. ती अजून तशीच आहे, दिवसाला चारशे झाडं बांधते आणि चार शब्द बोलते. सगळं बरं चाललं होतं. गेल्या आठवड्यात पहिल्या शेडच्या कोपऱ्यात पानांवर पिवळे चट्टे आले, पानं वाटीसारखी गोळा झाली, फळं मुठी आवळल्यासारखी वेडीवाकडी. पान उलटून पाहिलं तर खाली माव्याचे किडेच किडे.

काका म्हणतात, औषध मार. ते दुसरं काय म्हणणार, औषधाचं दुकानच त्यांचं. पण बाबा त्याच औषधाच्या वासात, त्याच शेडमध्ये गेले. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हाही त्यांच्या ओठांना फेस सुकलेला होता. मी तिथे पंप नेणार नाही. काकांनी चारचौघांत सांगितलंय, "या हंगामात पीक हातात आलं नाही तर किल्ली मुकाट्याने माझ्याकडे द्यायची." मी हो म्हणून बसले आहे.

तू चाळीस वर्षं किडे पाळलेस. मला तुझे किडे पाठव.

भिंगरी

---

११ फेब्रुवारी

भिंगरे,

अक्षर बापावर गेलंय, म्हणजे वाचायला भिंग लागलं. नशीब माझं, भिंग घरात आहे.

आधी शत्रू ओळख. मावा चार पानं पितो म्हणून झाड मरत नाही. तो रोगट झाडात सोंड खुपसतो, ती तशीच घाणेरडी सोंड शेजारच्या झाडात खुपसतो, तिथून पुढच्या. सुई एक आणि रोगी हजार. ज्या झाडाला रोग लागला त्याला जगात औषध नाही, तुझ्या काकाच्या दुकानातही नाही. तेव्हा चट्टे दिसले की झाड मुळासकट उपट, गोणीत कोंब, बाहेर नेऊन जाळ. "एवढं मोठं केलंय गं" असलं रडगाणं नको. मग टोचणाऱ्याला मार. त्यासाठी मी मारेकरी पाठवतेय.

डब्यात क्रायसोपाच्या अळ्या आहेत. तांदळाच्या दाण्याएवढी एक, रंग मातकट, तोंडाला दोन विळे. ती माव्याला विळ्यांत धरून वर उचलते, म्हणजे त्याचे पाय टेकत नाहीत. मग विळ्यांतून आपला पाचक रस त्याच्या पोटात सोडते. आतलं सगळं पातळ होतं. मग ती पिते. मावा शेवटपर्यंत पाय झाडत असतो. उरतं ते टरफल. एक अळी जन्मभरात चारेकशे मारते. लोकांना वाटतं हे पाहून माझी जेवणावरची वासना उडत असेल. मला उलट भूक लागते.

डबा आला की त्याच दिवशी सोड. उद्यावर टाकलंस तर त्या एकमेकींना खातील. त्यांना बहीणभाऊ कळत नाही, त्यांची आईसुद्धा एकेक अंडं केसासारख्या वेगळ्या दांडीवर ठेवते, नाहीतर पहिलं जन्मलेलं बाकीच्यांचा फडशा पाडेल. मीही इथे प्रत्येकीला वेगळा खण देते. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत माझ्या. एकीत मी झोपते, दुसरीत वीस हजार खुनी.

मुंग्यांकडे लक्ष दे. मावा गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात त्याची राखण करतात. माझ्या अळीचे तुकडे करतील. तारेच्या खांबांना चिकट पट्ट्या गुंडाळ. आणि औषधाचा एक थेंब नको. मावा ते पचवून बसलाय, त्याच्या आज्यापणज्या तेच पिऊन वाढल्या. मरतील त्या माझ्या.

धाकट्याचं बोलणं मनावर घेऊ नकोस. तोंडाने फटकळ आहे, लहानपणापासून तसाच. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता, मी त्याला कडेवर घेऊन शाळेत जायचे. मनात काही नसतं त्याच्या.

आत्या

---

२१ फेब्रुवारी

आत्या,

आल्या! डब्यातल्या कागदाच्या कपट्यांत पाच-सहा रिकामी टरफलं होती, म्हणजे वाटेत जेवणं उरकली होती. बाकीच्या मी आणि दोरीवालीने कपट्यांसकट झाडाझाडावर वाटल्या.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मी तुझं जुनं भिंग घेऊन दोन तास एका पानापाशी बसले. एका अळीने माझ्यासमोर सतरा मारले. एक मावा पिल्लू घालत होता, अर्धं पिल्लू बाहेर आलेलं, तेवढ्यात हिने आईला उचललं. आई पिऊन झाली, मग पिल्लू. मला किळस यायला हवी होती. मी म्हणत होते, अजून, अजून. दोरीवाली मागे उभी होती. ती म्हणाली, "चांगलंय." आठवड्यातला तिचा तो एकच शब्द.

रोगट झाडं एकशे बारा उपटली. जाळली. पहिलं उपटताना रडले, पन्नासावं उपटताना शिव्या देत होते.

काका आले होते. शेडच्या दारात उभे राहून हसले. त्यांनी बाजारात सांगितलंय म्हणे, पुतणीने किडे मारायला किडे आणले, आता चोर पकडायला चोर ठेवील. पण काल फुलवाला येऊन बघून गेला, आज काकडीवाले दोघं भाऊ आले. त्यांनाही अळ्या हव्यात. काकांना ते कळल्यावर ते परत आले.

मी शिडीवरून पडले. पुढचा एक दात हलतोय आणि डाव्या डोळ्याखाली काळंनिळं आहे. काळजी करू नकोस.

भिंगरी

---

२८ फेब्रुवारी

भिंगरे,

सतरा! मी पत्र हातात घेऊन दोन्ही खोल्यांत नाचले. खालच्या मजल्यावरची बाई काठीने छत ठोकायला लागली.

आणि शिडीवरून पडायला तुझं वय झालंय का? वर चढायचं तर शिडीचा पाय धरायला दोरीवालीला उभं कर. दाताला हात लावू नकोस, बसेल आपोआप. तू लहानपणीही अशीच, डोळे आभाळात आणि पाय खड्ड्यात.

दुसरा डबा पाठवतेय. यात ढालकिडेही आहेत, लाल, पाठीवर काळे ठिपके. दिसायला गोजिरवाणे, पोरं तळहातावर घेतात. तेही कसाईच. काकडीवाल्या भावांना आणि फुलवाल्याला सांग, पुढच्या महिन्यात त्यांनाही देईन. धाकट्याचा धंदा बसेल? बसू दे थोडा. त्याने किड्यांचं दुकान टाकावं. तसं मी त्याला लिहिलंही आहे.

आत्या

---

१२ मार्च

आत्या,

सगळं मरतंय.

मावा नाही मरत. तुझ्या अळ्या मरताहेत, ढालकिडे मरताहेत. पानाखाली, मातीवर, पायवाटेवर लाल ढाली उताण्या पडल्यात, काही नुसते गोल गोल फिरतात आणि पडतात. मावा मजेत आहे. दुसऱ्या शेडमध्येही चट्टे आलेत. एका दिवसात साठ झाडं उपटली.

मुंग्या नाहीत, पट्ट्या मी रोज बघते. भूक म्हणावी तर मावा ढीगभर आहे. मी काय चुकतेय ते सांग. काकडीवाला थोरला काल म्हणाला, "राहू दे ताई, आम्ही औषधच मारतो." काका त्याच्या मागेच उभे होते, गालातल्या गालात हसत.

किल्ली द्यायला अजून दीड महिना आहे. काडेपेटीत मेलेल्या अळ्या पाठवतेय. बघ तुला काही कळतं का.

भिंगरी

---

१७ मार्च

काडेपेटी उघडली. भिंगाखाली एकेक घेतली, एकतीस अळ्या.

उपाशी मेलेली अळी चपटी होते, मुंगीने मारलेली तुकड्यांत सापडते आणि बहिणीने खाल्लेली नुसतं टरफल असते. या एकतीस अख्ख्या आहेत, पोटं भरलेली. शरीर धनुष्यासारखं उलटं वळलंय, पाय ताठ फाकलेत, तोंडापाशी काळा थेंब सुकलाय. त्यांनी मरताना पोटातलं सगळं ओकलंय. आणि काडेपेटीला लसणासारखा वास येतो. हा वास मी चाळीस वर्षांत हजारदा घेतला. झाडांवर औषध मारलंय.

तू मला सांगितलं नाहीस. धीर सुटला, रात्रंदिवस झाडं उपटून कंटाळलीस, आणि काकाच्या दुकानातून बाटली आणलीस. समजू शकते. पण मग मला खोटी पत्रं का लिहिलीस? मी इथे एकेक अळी कुंचल्याने उचलून खणात ठेवते. माझे हात आता थरथरतात. एक खण भरायला मला मिनिट लागतं. तू हजारो मारल्यास आणि वर विचारतेस, काय चुकतंय.

पुढचा डबा पाठवणार नाही.

आत्या

---

२३ मार्च

आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि भिंतीवर बादली फेकून मारली. बादली फुटली. तुझ्याच डोक्यात घालायची होती.

मी? मी त्या शेडमध्ये बाटली नेईन? बाबांच्या ओठांवरचा फेस मी माझ्या पदराने पुसलाय. तू आली नव्हतीस. तू तेव्हा गुडघ्याचं कारण सांगितलंस.

रागाने तारखा काढल्या, आता तूच बघ. अळ्या सोडल्या की दोन-तीन दिवस छान. मग एका दिवसात मरतात. तो दिवस दर वेळी सोमवार किंवा गुरुवार. सोमवारी आणि गुरुवारी मी पहाटे माल घेऊन बाजारात जाते, दोरीवाली गाडीत सोबत असते, दुपारी परत येतो. आजूबाजूच्या शेतांतून औषधाचा वास बारा महिने येतो, त्यामुळे मला वेगळा असा कधी आला नाही.

म्हणजे आम्ही नसताना कोणीतरी आत जाऊन फवारतं. शेडला कुलूप असतं. किल्ल्या दोन. एक माझ्या गळ्यात. दुसरी कोणाकडे ते तुला माहीत आहे. कुंपणच शेत खात असेल तर कोणाला सांगायचं, हे तूच सांग.

भिंगरी

---

२८ मार्च

भिंगरे,

चुकले. नाक घासते. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते. गुडघ्याचं म्हणालीस तेही बरोबर. गुडघा दुखत होता, पण तेवढा नाही. दादाला त्या अवस्थेत बघायची माझी हिंमत नव्हती.

पण आता तूही तेच करतेयस. किल्ली धाकट्याकडे आहे म्हणून धाकटा? त्याचं दुकान दिवसभर उघडं असतं, दहा जण येतात-जातात, किल्ली खिळ्याला टांगलेली. कोणीही उचलेल. तो काकडीवाला थोरला घे. आधी अळ्या मागतो, मग नको म्हणतो. तुझं पीक बसलं तर बाजारात त्याचा भाव चढतो. धाकटा रागीट आहे, घरभेदी नाही. त्याला मी वाढवलंय.

काय करायचं ते सांगते. अळ्यांचा नवा डबा आजच पाठवतेय, आला की सोड. पुढच्या गुरुवारी, पाच तारखेला, गाडी दोरीवालीबरोबर पुढे पाठव. सगळ्यांना वाटू दे तू बाजारात गेलीस. तू पहिल्या शेडमध्ये आत, टोकाच्या ओळीत बसून राहा. जो येईल तो दिसेल. अंगावर जाऊ नकोस, फक्त बघ. एकटीने बसणं धोक्याचं, म्हणून धाकट्याला मी आजच वेगळं पत्र टाकलंय. सगळं लिहिलंय. काडेपेटीचं, गुरुवारचं, तू कुठे बसणार ते. तो जवळपास राहील. तो असला की माझ्या जिवाला घोर नाही.

आत्या

---

२ एप्रिल

आत्या, हे तू काय केलंस?

मी शिडीवरून पडले नव्हते.

त्या दिवशी फुलवाला आणि काकडीवाले येऊन गेल्यावर काका आले. शेडचं दार आतून लावलं. "माझी गिऱ्हाइकं फोडतेस?" म्हणाले, आणि हाताच्या पाठीने थोबाडीत मारली. मी तारेवर पडले, तर केसाला धरून उठवलं आणि परत मारली. मग माझं तोंड एका रोगट झाडात दाबलं. म्हणाले, "खा. तुझे किडे खातात ना, तू पण खा." माझ्या तोंडात पानं आणि रक्त होतं. मी तुला शिडी लिहिली, कारण तू त्यांच्याबद्दल काही ऐकूनच घेत नाहीस. त्यांचा विषय निघाला की तू त्यांना कडेवरच घेतेस. मला वाटलं, खरं लिहिलं तर तू अळ्या पाठवणं बंद करशील.

तू त्याला सगळं सांगितलंस. म्हणजे गुरुवारी तो येणारच नाही. कोण येईल, पकडले जाणार हे माहीत असताना? तरी मी बसणार आहे. गुरुवारी कोणी आलं नाही आणि अळ्याही मेल्या नाहीत, तर कोणी सावध झालं हे तुला तरी कळेल. कारण दोरीवाली सोडली तर गुरुवारचं फक्त तीन माणसांना माहीत आहे. तू, मी आणि तो.

भिंगरी

---

७ एप्रिल

भिंगरे, तुझं पत्र आत्ता दुपारी आलं. बसू नकोस. शेडमध्ये जाऊ नकोस. पण गुरुवार तर परवाच गेला. मी खालच्या बाईकडून फोन करवला, कोणी उचलत नाही. धाकटाही उचलत नाही. दोन ओळी लिही. कोणाकडूनही लिहून पाठव. मी स्टेशनवर जाऊन तिकीट विचारलं, बुधवारशिवाय नाही म्हणतात.

आत्या

---

१४ एप्रिल

आत्या,

तू बुधवारी आलीस तेव्हा मी शुद्धीत नव्हते. नर्स म्हणाली, एक म्हातारी बाई दोन दिवस पायथ्याशी बसली होती, मग उठून गेली. कुठे गेलीस ते कोणालाच माहीत नाही. म्हणून घरच्या पत्त्यावर लिहितेय. हात अजून उडतात, अक्षर असंच येईल.

सहाला आत गेले, टोकाच्या ओळीत बसले. पानाखाली तुझ्या अळ्या कामाला लागलेल्या. साताच्या सुमाराला बाहेर पावलं वाजली. मला वाटलं आता दार उघडेल. दार उघडलं नाही. बाहेरची कडी लागल्याचा आवाज आला.

मग बाजूची जाळी उचलली गेली आणि तिथून पंपाची नळी आत आली. पाण्यात कालवलेलं नव्हतं गं. पांढरं, घट्ट, डोळ्यांत झोंबणारं. एका बाजूने फवारलं, मग दुसऱ्या. मी ओरडले, "काका, मी आहे आत!" पंप थांबला. मी परत ओरडले. पंप परत सुरू झाला.

डोळ्यांतून, नाकातून, तोंडातून पाणी वाहायला लागलं. छाती आवळली. दार ढकललं, हललं नाही. पायांचे स्नायू आपोआप उडायला लागले, मी ओळीत पडले. माझ्या तोंडासमोर मातीवर एक अळी पाठ उलटी वळवून पाय ताठ करत होती. मला तुझं सतरा तारखेचं पत्र जसंच्या तसं आठवलं. पुढे काय होतं तेही मला माहीत होतं. ओकारी.

छाटणीची कात्री कमरेला होती. सरपटत भिंतीपर्यंत गेले, प्लॅस्टिक फाडलं, डोकं बाहेर काढलं. तो तिथेच उभा होता, तोंडाला फडका बांधून. त्याने नळीच्या लोखंडी दांड्याने माझ्या डोक्यात मारलं. मग खांद्यावर. कॉलरबोन मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो पायाने मला परत आत ढकलत होता, आत्या. त्याच्या बुटाचा तळवा माझ्या कपाळावर होता. मी कात्री त्याच्या मांडीत खुपसली आणि पिळली. तो खाली बसला तेव्हा परत खुपसली. किती वेळा ते मला आठवत नाही. पोलीस म्हणतात पाच.

दोरीवाली गाडी अर्ध्या वाटेत टाकून परत आली होती. तिला राहवेना. तिने मला ओढून काढलं, नळाखाली धरलं, कपडे फाडून टाकले. त्याच्या रक्ताचा पाट वाहत होता. तिने त्याच्याही मांडीला दोरीच बांधली, झाडाला बांधते तशी करकचून. नाहीतर तो तिथेच गेला असता. मी म्हटलं, का बांधलीस? ती म्हणाली, "मेला तर तू आत जाशील."

पण मी जाणारच आहे बहुतेक. तो वरच्या मजल्यावर आहे, वकील येऊन गेला. त्याने जबाब दिलाय की पुतणी बाजारात गेली असं समजून तो नेहमीसारखं पिकाला औषध मारत होता, कारण पीक जात होतं आणि पोरीला अक्कल नाही. आत कोणी आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी अचानक बाहेर आले आणि कात्री घेऊन त्याच्या अंगावर गेले. पोलिसांना ते पटतंय. शेतावर औषध मारणं हा गुन्हा नाही. पाच वार हा गुन्हा आहे. तू त्याला लिहिलेलं पत्र दुकानात सापडलं नाही. जाळलं असेल. बरी झाले की इथूनच मला नेतील.

तुला काय सांगू ते कळत नाही. तो तुझा भाऊ आहे. मला एवढंच हवंय की तू तरी मला खोटी म्हणू नयेस.

भिंगरी

---

२० एप्रिल

धाकट्या,

तुझ्या वकिलाचा निरोप पोचला. ताईने सांगावं की असं काही पत्र मी लिहिलंच नव्हतं, म्हातारपणामुळे गोंधळ झाला. तू वर म्हणतोस, मी तुला आईच्या जागी आहे.

आहे. आई गेली त्या वर्षी तुला गोवर आला, मी सतरा दिवस शाळेत गेले नाही. तू पहिल्यांदा शेजारच्या पोराचं डोकं दगडाने फोडलंस तेव्हा मी सांगितलं, तो पडला. तू दादाच्या अंगावर उकळतं पाणी टाकलंस तेव्हा मी म्हटलं, माझ्या हातून सांडलं. बाबांचा मार मी खाल्ला. माझ्या पाठीवर अजून वळ आहे. तू फटकळ आहेस, मनाने निर्मळ आहेस, असं मी पन्नास वर्षं ज्याला त्याला सांगत आले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ती आंधळी मी. मेलेली अळी भिंगाखाली ठेवली की ती कशाने मेली ते मला क्षणात कळतं. जिवंत पोर पत्रात काळानिळा डोळा लिहीत होती, ते कळलं नाही.

दवाखान्यात तिच्या पायथ्याशी बसले होते. तिचे पाय झोपेतही उडत होते. नर्सने सांगितलं, शेडला बाहेरून कडी होती, दोरीवालीने ती डोळ्यांनी पाहिली. बाहेरून कडी, हे शब्द मी आधी कुठेतरी वाचले होते. कुठे ते तासभर आठवेना. मग आठवलं, आणि मी उठून घरी आले. पत्रं मी फेकत नाही, हे तुला माहीत असायला हवं होतं.

दादा गेला त्या आठवड्यात तू मला लिहिलं होतंस. कागद माझ्यासमोर आहे, तुझंच अक्षर. "दादा बराच वेळ दिसेना म्हणून गेलो. बाहेरची कडी काढून आत शिरलो तर तो पंपाशेजारी पडलेला." ते वाचून मी तेव्हा रडले आणि कागद घडी करून ठेवला. दोन वर्षं तो माझ्या पेटीत होता. आत माणूस फवारत असेल तर बाहेरची कडी कोण लावतं रे? हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. खरं सांगायचं तर वाचताना क्षणभर थांबले होते. मग पुढे वाचलं. तेव्हा थांबले असते तर आज पोरीची हाडं शाबूत असती. हे मला मरेपर्यंत पुरेल.

तुला वाटतं मी तुला लिहिलेलं पत्र जाळलंस की संपलं. मी पत्र टाकण्याआधी त्याची नक्कल ठेवते, ही किडे पाठवायच्या कामातली सवय आहे. कोणाला काय सूचना दिल्या ते उद्या अळ्या मेल्यावर दाखवावं लागतं. अठ्ठावीस मार्चची नक्कल, पोस्टाची पावती, तुझं दोन वर्षांपूर्वीचं पत्र आणि ती काडेपेटी, सगळं काल मी पोलिसांना दिलं. काडेपेटी तपासायला पाठवताहेत. दादाचं प्रकरण उघडताहेत.

तुझा वकील मला भेटायला येणार म्हणतो. येऊ नकोस म्हणावं. दारातून मागे पाठवीन. मी पुढच्या आठवड्यात डबे घेऊन भिंगरीच्या शेडवर राहायला जातेय. तिला उभं राहायला दोन महिने लागतील, तोवर झाडं उपटायला कोणीतरी हवं.

चौकीवर साहेबांनी माझा जबाब घेतला. नाव, वय, धंदा सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आरोपी तुमचा कोण?" मी म्हटलं, सख्खा भाऊ. त्यांनी पेन थांबवलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, पाणी देऊ का?"

मी म्हटलं, आधी लिहून घ्या.

ताई